‘झाडपाल्याचंच आहे ना, मग बिघडतंय काय?’

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या पथकात औषधतज्ज्ञ म्हणून काम करतात.)

प्रश्न : ताई, माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय. केमो थांबवली आणि आता घरीच पॅलिएटिव्ह केअर सुरू आहे. दुखण्यासाठी ऑक्सिकोडोनच्या गोळ्या आहेत, शिवाय सकाळ-संध्याकाळ डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. महिनाभर झाला, बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पेपर नको, टीव्ही नको, नातवंडं आली तरी डोळे मिटून घेतात. आत्याने सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या कॅप्सूल आणून दिल्या, मनाची मरगळ जाते म्हणाली. आई तीन आठवड्यांपासून दिवसाला तीन देतेय आणि रात्री अश्वगंधा. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते रागावतील अशी तिला भीती वाटते. बाबांमध्ये फरक काहीच नाही. उलट दुखणं वाढलं म्हणून गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. अजून किती दिवस वाट पाहायची? की दुसरं एखादं हर्बल औषध चांगलं? झाडपाल्याचंच आहे ना, मग बिघडतंय काय, असं आई म्हणते.

उत्तर : हे उत्तर छापून हातात पडेपर्यंत उशीर होईल, म्हणून तुम्हाला स्वतंत्रपणे कळवलंच आहे. इथे लिहितेय ते तुमच्यासारख्या इतरांसाठी.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर माझं बोट थांबलं : दुखणं वाढलं म्हणून डोस वाढवला. कॅप्सूल सुरू केल्या त्यानंतरच हे झालं. आजार पुढे सरकला म्हणूनही दुखणं वाढू शकतं, नाकारत नाही. पण सेंट जॉन्स वर्ट हे काही निमूट बसणारं औषध नव्हे. त्यात हायपरफोरिन नावाचं द्रव्य असतं. ते यकृतात औषधं मोडणाऱ्या एन्झाइमची जणू जादा भरतीच करतं. कामगार दुप्पट झाले की माल झपाट्याने संपतो, तसं रक्तातलं औषध वेळेआधीच साफ होतं. ऑक्सिकोडोन ज्या एन्झाइमने मोडतं, नेमकी त्याचीच ही भरती. २०१० साली फिनलंडमध्ये १२ निरोगी माणसांना दिवसाला तीनदा ३०० मिलिग्रॅम सेंट जॉन्स वर्ट देऊन, मग ऑक्सिकोडोनची गोळी देऊन पाहिलं. शरीराला मिळणारं ऑक्सिकोडोन निम्म्यावर आलं. तुमच्या आईच्या कॅप्सूलही तितक्याच असाव्यात, बाटलीवर बघा. म्हणजे दुखणं कमी करायला डॉक्टर वरून गोळी ओतताहेत आणि खालून ती वाहून जातेय, असं चाललेलं असू शकतं. डेक्सामेथासोनही बऱ्याच अंशी त्याच वाटेने मोडतं.

आता इथे लोक हमखास करतात ती गोष्ट : घाबरून बाटली त्याच रात्री कचऱ्यात टाकायची आणि कुणाला काही बोलायचं नाही. असं करू नका. ही जादा भरती औषध बंद केल्या दिवशी उतरत नाही, हळूहळू एक-दोन आठवड्यांत उतरते. त्या काळात ऑक्सिकोडोनचा वाढवलेला डोस तसाच राहिला तर रक्तातली पातळी चढत जाते. माणूस गुंगीत जातो, श्वास मंदावतो, आणि घरच्यांना वाटतं आता शेवट आला. तेव्हा आजच पथकाला फोन करा. कॅप्सूलचं नाव, एकेकीत किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, कोणत्या तारखेपासून, एवढं सांगा. बंद कधी आणि कशी करायची, दुखण्याची गोळी त्याबरोबर कशी खाली आणायची, हे ते ठरवतील.

आणि आईला सांगा, कुणी रागावत नाही. आमचं पथक पहिल्यांदा एखाद्या घरी जातं तेव्हा मी उशाजवळची औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करायला सांगते. कागदावर लिहिलेल्या आठ गोळ्या आणि पिशवीतून निघणाऱ्या चौदा वस्तू, हे चित्र इतकं नेहमीचं आहे की त्यात रागावण्यासारखं काही उरलेलं नाही. राग येतो तो न सांगितल्याचा, तोही क्षणभर. ज्या बायकोला नवऱ्यासाठी करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नाही, तिने स्वतःच्या हाताने एक कॅप्सूल दिली तर तिच्यावर कोण रागावणार?

मग हे औषध बोगस आहे का? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या परीक्षणात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण तपासले होते. सौम्य ते मध्यम नैराश्यात सेंट जॉन्स वर्ट डॉक्टरी गोळ्यांच्या बरोबरीने चालतं आणि त्रास कमी देतं, असं त्यात निघालं. तुमची आत्या म्हणते ते हवेतलं नाही. पण त्या चाचण्यांतले रुग्ण होते चालते-फिरते, सोबत ओपिऑइड (ऑक्सिकोडोन-मॉर्फिनच्या वर्गातली वेदनाशामकं) नसलेले, यकृत धड असलेले. परिणाम दिसायला त्यांना चार ते सहा आठवडे लागत होते आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे होता. ज्यांच्या हाती मोजके महिने आहेत त्यांच्या बाबतीत सहा आठवडे ‘बघू या’ म्हणण्यात घालवणं हाही एक दुष्परिणामच. बाटलीवर तो छापत नाहीत.

ज्यांची केमो चालू आहे त्यांनी तर या औषधापासून दूरच राहावं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये इरिनोटेकान हे केमोचं औषध देतात. २००२ सालच्या एका छोट्या अभ्यासात सेंट जॉन्स वर्टसोबत त्याच्या कामाच्या घटकाची रक्तातली पातळी ४२ टक्क्यांनी घसरली. इमॅटिनिब या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाचंही तेच, सुमारे ३० टक्क्यांनी कमी. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल किंवा मेथाडोन यांच्या जोडीला घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढून घाम, थरथर, ताप, गोंधळलेपणा असा प्रकार होऊ शकतो. मॉर्फिनचं मोडणं बरंचसं दुसऱ्या वाटेने होतं, त्यामुळे तिथे ही अडचण कमी. पण म्हणून मॉर्फिनवाल्यांनी मोकळीक घेऊ नये, कारण पिशवीत मॉर्फिन एकटं कधीच नसतं.

अश्वगंधेबद्दल थोडक्यात. तिने गुंगी वाढते, ओपिऑइडची गुंगी आधीच असते. काही जणांच्या यकृताला तिने इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि बाबांच्या यकृतात गाठी आहेत. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाचं नैराश्य तिने हटतं याला आधार नाही. तीही यादीत सांगा. ‘दुसरं एखादं हर्बल’ म्हणून लोक कावा (पॅसिफिक बेटांवरच्या एका झुडपाचं मूळ) सुचवतात. यकृताच्या इजेमुळे २००२ साली जर्मनीने तो बाजारातून काढला होता, तेव्हा त्याचं नावच नको. व्हॅलेरियन ही वनस्पती झोपेसाठी देतात. कॅन्सर रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत झोपेच्या बाबतीत ते नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. अमेरिकन जिनसेंगने कॅन्सरचा थकवा थोडा हलका होतो असं दिसलंय, पण आठ आठवड्यांनी, आणि तो थकवा होता, नैराश्य नव्हे. २०२३ साली अमेरिकेतली कॅन्सरतज्ज्ञांची संघटना ॲस्को हिने चिंता आणि नैराश्यासाठी पूरक उपचारांची मार्गदर्शिका काढली. त्यात माइंडफुलनेस, योग, संगीत, शिथिलीकरण यांची शिफारस आहे. वनस्पतींच्या गोळ्यांची शिफारस करण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

आता खरा प्रश्न, जो तुमच्या पत्रात विचारलेलाच नाही. बाबांना झालंय काय?

भिंतीकडे तोंड करून पडणं म्हणजे नैराश्यच असं धरून चालू नका. दुखणं आटोक्यात नसलेला माणूसही असाच पडतो, कारण हललं की कळ येते. रक्तातलं कॅल्शियम वाढलं तरी माणूस मलूल, सुस्त होतो, बद्धकोष्ठता होते, आणि यावर उपचार आहे. डेलिरियमचा, म्हणजे आजारात अचानक होणाऱ्या मनाच्या गोंधळाचा, एक शांत प्रकार असतो. त्यात आरडाओरडा नसतो, रुग्ण नुसता विझल्यासारखा असतो, वार-वेळ चुकतो, बोलता बोलता हरवतो. घरचे त्याला डिप्रेशन म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा. मग डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड मूड उचलतं तसं पाडतंही, आणि त्याने झोप उडते. तुम्ही लिहिलंय सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळचा डोस सकाळीच किंवा दुपारपर्यंत घेता येईल का, एवढं पथकाला विचारा. आठवडाभर धड झोप न झालेला माणूस नातवंडांकडे बघून हसेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं त्यातही दोन गोष्टी असतात. निरोपाचं दुःख लाटांसारखं येतं. माणूस रडतो, मग मधूनच नातवाच्या एखाद्या खोडीवर हसतोही, कुणाला काय द्यायचं ते ठरवतो. नैराश्यात ती उसंत नसते. ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’, ‘मला ही शिक्षाच आहे’, असं सकाळपासून रात्रीपर्यंत चालतं आणि आवडती व्यक्ती जवळ बसली तरी काही हलत नाही. भूक, वजन, थकवा यांवरून ओळखायला जाऊ नका, ते कॅन्सरनेच गेलेलं असतं. पॅलिएटिव्ह केअरमधल्या साधारण सहापैकी एकाला असं खरं नैराश्य असतं. म्हणजे ते सर्रास नाही, पण विरळही नाही. ‘अशा अवस्थेत कुणालाही असंच वाटणार’ म्हणून सोडून देण्याचं तर मुळीच नाही.

ओळखायचं कसं? विचारून. कॅनडातल्या हार्वे चोचिनोव्ह यांच्या गटाने १९९७ साली शेवटच्या टप्प्यातल्या १९७ रुग्णांवर वेगवेगळ्या प्रश्नावल्या तपासल्या. सगळ्यांत भरवशाचा ठरला एकच सरळ प्रश्न : बहुतेक वेळ तुम्हाला उदास वाटतं का? आपल्या घरांत हा प्रश्न सोडून सगळं विचारलं जातं. जेवलात का, गोळी घेतली का, उशी नीट आहे का. तुम्ही विचारा. आई नको, तिच्यासमोर ते ‘ठीक आहे’च म्हणतील. दुखण्याची गोळी लागू पडलेली असेल अशा वेळी जवळ बसा, ‘बाबा, मनाने फार खचल्यासारखं वाटतं का?’ म्हणा आणि मग गप्प राहा. उत्तराला वेळ लागतो. उत्तरात मरण लवकर यावं असं निघालं तर दचकून विषय बदलू नका, ऐकून घ्या आणि त्याच दिवशी पथकाला सांगा.

नैराश्य आहे असं ठरलं तर उपाय आहेत. मिर्टाझापिन ही नैराश्याची गोळी रात्री देतात, त्याने झोप लागायला मदत होते. नेहमीच्या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात. हाती तेवढे दिवस नसतील तर काही डॉक्टर मिथाइलफेनिडेट हे तरतरी आणणारं औषध वापरतात. त्याचा परिणाम काही दिवसांतच कळतो, मात्र अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत आणि हृदयाचा त्रास असेल तर जपून. गोळी घेणार की नाही हे बाबांनाही विचारा. त्यांच्या तोंडात अजून एक गोळी कोंबण्यापेक्षा सध्याच्या दोन कमी करता येतात का, हे आम्ही आधी बघतो, आणि बहुतेक वेळा येतात.

आईच्या हातांना काम हवंय. कॅप्सूल काढून घेतलीत तर त्या जागी काहीतरी द्या. बाबांच्या आवडीची गाणी लावणं तिच्याकडे द्या, संध्याकाळी पायांना हलक्या हाताने तेल लावणं द्या. रक्ताची गाठ नाही ना आणि त्वचा फाटलेली नाही ना, एवढं आधी पथकाला विचारून घ्या.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे. वय ५४, अंडाशयाचा कॅन्सर, आता उपचार नाहीत. मला डिप्रेशन आहे हे डॉक्टरांनी सांगितलंय आणि मलाही पटतंय. पण त्यांच्या गोळ्या घेतल्या तर मी मी राहणार नाही असं वाटतं. केशराच्या कॅप्सूलने नैराश्य जातं असं वाचलं. घेऊ का? कृपया ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहू नका.

उत्तर : नाही लिहीत.

केशराचा पुरावा बऱ्याच वनस्पतींपेक्षा बरा आहे. तेहरानमध्ये २००४-०५ च्या सुमारास छोट्या छोट्या चाचण्या झाल्या. दिवसाला ३० मिलिग्रॅम अर्क, सहा आठवडे. ४० जणांच्या एका चाचणीत केशर आणि २० मिलिग्रॅम फ्लुऑक्सेटिन (नैराश्याची डॉक्टरी गोळी) जवळपास सारखे ठरले. पण रुग्ण थोडे होते, नैराश्य सौम्य ते मध्यम होतं, आणि तुमच्यासारखी कुणी त्यात नव्हती. स्वयंपाकात वासापुरतं केशर पडतं त्याचा प्रश्नच नाही. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघा. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का? असेल तर घेऊ नका. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पायात गुठळी होऊन ते औषध चालू असणं अगदी नेहमीचं आहे. नैराश्याची दुसरी गोळी चालू आहे का? असेल तर दोन्ही एकत्र मनाने सुरू करू नका. आणि ३० मिलिग्रॅम म्हणजे ३० मिलिग्रॅमच. जास्त घेतल्याने जास्त गुण येत नाही, काही ग्रॅमच्या घरात गेलं की ते विषारी ठरतं. केशरात भेसळ किती होते हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे सांभाळून घेतलंत तर मी आडवी येणार नाही. पथकाला कळवून घ्या, परवानगी म्हणून नव्हे तर पुढचं औषध लिहिताना त्यांना माहीत असावं म्हणून. तीन-चार आठवड्यांत फरक नाही तर सोडून द्या.

‘मी मी राहणार नाही’ याविषयी मात्र बोलायचंय. योग्य गोळी योग्य मात्रेत असेल तर माणूस बधिर होत नाही. झाला, तर गोळी किंवा मात्रा चुकली आणि ती बदलता येते. सवय लागेल ही भीती या गोळ्यांना लागू नाही. एकदम बंद करायच्या नसतात, इतकंच. उलट मी असं विचारेन : आत्ता जी सकाळी उठावंसं वाटत नाही म्हणते, ती तुम्ही आहात की नैराश्य? तुमचं तुम्हीच ठरवा.

गोळीशिवायचंही सांगते. मघाशी ज्यांचा उल्लेख केला त्या चोचिनोव्ह यांनी डिग्निटी थेरपी नावाची पद्धत बसवली. कुणीतरी शिकलेलं माणूस तुमच्याजवळ बसतं आणि विचारतं : आयुष्यातला कोणता काळ सगळ्यांत जिवंत वाटला? कशाचा अभिमान आहे? घरच्यांना काय सांगायचं राहिलंय? ते रेकॉर्ड करून, उतरवून, तुमच्याकडून दुरुस्त करून घेऊन तुमच्या हातात देतात. २००५ साली १०० रुग्णांवरचा पहिला अभ्यास आला, त्यांतल्या ९१ टक्क्यांनी समाधान व्यक्त केलं. खोल नैराश्य एवढ्याने जातं असं मी म्हणणार नाही. पण तुमचं पत्र वाचल्यावर वाटलं, तुम्हाला सांगायला बरंच काही आहे आणि समोरचे सगळे तुमच्याशी फक्त जेवणाखाण्याबद्दल बोलताहेत.

प्रश्न : माझ्या मित्राला शेवटच्या टप्प्याचा कॅन्सर आहे. मशरूममधल्या एका द्रव्याने अशा रुग्णांची मरणाची भीती एका डोसमध्ये गेली म्हणे. तेही नैसर्गिकच. मिळवून देऊ का?

उत्तर : नाही. तुम्ही म्हणता ते द्रव्य म्हणजे सिलोसायबिन. त्यावर २०१६ साली दोन अभ्यास आले. जॉन्स हॉपकिन्समध्ये ५१ आणि न्यूयॉर्क विद्यापीठात २९ कॅन्सर रुग्ण होते, आणि निकाल खरोखर लक्षवेधी होते. बऱ्याच जणांची चिंता आणि नैराश्य सहा महिन्यांनंतरही कमी होतं. पण त्यांना दिलेलं द्रव्य प्रयोगशाळेत बनवलेलं, मोजून दिलेलं. आधी कितीतरी तास बोलून तयारी, डोसच्या दिवशी दिवसभर शेजारी प्रशिक्षित माणसं, नंतर पुन्हा बैठका. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया असेल तर घेतलंच नव्हतं. यातलं काहीच नसताना, कुठून तरी आणलेली वाळकी मशरूम मॉर्फिनवर असलेल्या अशक्त माणसाला देणं हा वेगळाच प्रयोग झाला. बऱ्याच देशांत तो गुन्हाही आहे. मित्र भितो, हे त्याने तुम्हाला सांगितलंय का? सांगितलं असेल तर त्याच्या डॉक्टरांनाही ते कळू द्या, आणि एखादी अधिकृत चाचणी त्याच्या आवाक्यात चालू आहे का हे त्यांनाच शोधायला सांगा. अशा रुग्णाला चाचणीत घेतात की नाही, ते प्रकृती पाहून ठरतं, म्हणून विचारायचं तर लवकर विचारा.